सेरेंगेटीचे वर्ष आणि गावची गुरे

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्र संमेलनातील व्याख्यान)



आफ्रिकेतील अभयारण्य म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे प्रथम सिंह उभा राहतो. त्यात मुलांचा दोष नाही. चित्रांत आणि चित्रपटांत सिंहच पुढे असतो. परंतु ज्या भूमीवर तो सिंह जगतो, त्या भूमीचा कारभार सिंहाच्या हाती नाही. तो पावसाच्या, गवताच्या आणि गवत खाणाऱ्या जनावरांच्या हाती आहे. इतकेच नव्हे, तर अभयारण्याच्या हद्दीबाहेर, माणसाच्या गोठ्यात काय घडते यावरही तेथील वन्य जीवांचे मरण आणि जगणे अवलंबून राहिले आहे. हे कसे घडले, ते सेरेंगेटीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

टांझानिया देशाच्या उत्तर भागात सेरेंगेटीचे राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. त्याचे क्षेत्रफळ १४,७६३ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहून थोडेसेच कमी आहे. १९५१ साली त्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. उत्तरेस त्याला लागूनच केनिया देशातील मसाई मारा हे राखीव क्षेत्र आहे. दोन देशांची सीमा मध्ये असली, तरी जनावरांच्या दृष्टीने ही भूमी एकच आहे. ‘सेरेंगेटी’ हे नाव मसाई भाषेतील शब्दावरून आले असून अंत नसलेले मैदान असा त्याचा अर्थ सांगतात.

या भूमीवर पाऊस सारखा पडत नाही. आग्नेयेकडील मैदान न्गोरोंगोरोच्या उंच डोंगरांच्या पर्जन्यछायेत येते. तेथे वर्षाकाठी सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस होतो. उत्तरेकडे, मारा नदीच्या बाजूस, तो याच्या दुपटीहूनही अधिक असतो. सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस आणि माणदेशातील पाऊस यांतील फरक ज्यांना ठाऊक आहे, त्यांना पर्जन्यछाया म्हणजे काय हे वेगळे सांगावयास नको. आग्नेयेकडील हे मैदान ज्वालामुखीच्या राखेचे आहे. त्या भागातील ओल डोइन्यो लेंगाई हा ज्वालामुखी आजही जागृत असून मसाई लोक त्यास देवाचा डोंगर मानतात. राखेच्या या जमिनीत थोड्या खोलीवर कठीण थर बनला आहे. त्यातून झाडांची मुळे खाली उतरू शकत नाहीत, म्हणून तेथे झाड दिसत नाही. दिसते ते आखूड गवत. परंतु त्या गवतात चुना आणि स्फुरद भरपूर असते. दूध देणाऱ्या आणि वाढीला लागलेल्या जनावरांना याच क्षारांची गरज असते. उलट, तेथे बारमाही पाणी मात्र नाही. पाऊस संपला की डबकी आटतात आणि गवत वाळते.

जेथे चारा सकस तेथे पाणी टिकत नाही, आणि जेथे पाणी टिकते तेथील उंच गवत तितके सकस नाही. या एका अडचणीतून सेरेंगेटीचे सारे वर्ष घडलेले आहे.

या वर्षाचा मुख्य नायक सिंह नव्हे, तर विल्डेबीस्ट नावाचा प्राणी आहे. तो हरणांच्या मोठ्या कुळातील असला, तरी पाहणाऱ्यास बुचकळ्यात टाकतो. तोंड बैलासारखे लांब, शिंगे गायीच्या वळणाची, मानेवर घोड्यासारखी आयाळ आणि गळ्याखाली दाढी, असे त्याचे रूप आहे. त्याच्यासमवेत सुमारे दोन लाख झेब्रे आणि काही लाख थॉमसन गॅझेल फिरतात. गॅझेल हे आपल्या माळरानावरील चिंकाऱ्याचे जवळचे भाईबंद होत.

नोव्हेंबर-डिसेंबरात लहान पाऊस पडू लागला की हे कळप दक्षिणेकडील आखूड गवताच्या मैदानावर येतात. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत तेथे वासरे जन्मतात आणि त्यांतील बहुतेक फेब्रुवारीतील दोन-तीन आठवड्यांतच जन्मतात. आपल्याकडे माघाचे दिवस चालू असतात, त्या वेळी तिकडे एकाच मैदानावर लाखो वासरांचा जन्म होत असतो. एकाच वेळी जन्म का, हा प्रश्न मुलांना अवश्य विचारावा. तरस, सिंह, चित्ते आणि कोल्हे या सर्वांची नजर वासरांवर असते. परंतु त्यांच्या पोटाला मर्यादा आहे. वासरे वर्षभर थोडी थोडी जन्मली असती, तर प्रत्येकाचा फडशा पडला असता. सर्व एकदम जन्मल्यामुळे शिकारी प्राण्यांची पोटे भरूनही असंख्य वासरे शिल्लक राहतात. शिवाय वासरू जन्मल्यावर काही मिनिटांतच उभे राहते आणि लवकरच आईच्या बरोबरीने धावू लागते. उभे राहण्यास ज्याला उशीर होतो, त्याला दुसरी संधी क्वचितच मिळते.

मार्च ते मे या काळात मोठा पाऊस होतो. तो ओसरताच मैदान सुकू लागते आणि कळप वायव्येस वळतात. मे-जूनमध्ये वाटेवरच नरांच्या झुंजी आणि समागम होतो. गर्भाचा काळ आठ महिन्यांहून थोडा अधिक असल्यामुळे पुढील वासरे पुन्हा फेब्रुवारीतच जन्मतात. पश्चिमेकडील ग्रुमेती नदीचा भाग ओलांडून जुलै-ऑगस्टपर्यंत कळप उत्तरेस पोहोचतात. तेथे बारमाही मारा नदी आहे. तिच्या दोन्ही तीरांवरील गवतावर ऑक्टोबरपर्यंतचा कोरडा काळ काढावयाचा आणि पहिला पाऊस पडताच पुन्हा दक्षिणेची वाट धरावयाची, असा हा फेरा आहे. दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणच्या वाटेला लागणारा धनगर ज्या हिशेबाने चालतो, तोच हिशेब येथे आहे. चाऱ्याच्या आणि पाण्याच्या मागे जाणे हाच तो हिशेब होय.

या प्रवासात चाऱ्याची वाटणीही आपोआप होते. झेब्रा उंच गवताचे जाड, राठ देठ खातो. त्यामुळे खालची पाती मोकळी होतात, ती विल्डेबीस्ट खातो. त्यामागून येणारी गॅझेल जमिनीलगतचे कोवळे कोंब टिपते. एकाच रानात तिघांची भूक भागते.

मारा नदी ओलांडताना अनेक जनावरे बुडतात. २००१ ते २०१५ या काळातील नोंदींवरून अभ्यासकांनी काढलेली सरासरी वर्षाला सुमारे सव्वासहा हजार विल्डेबीस्ट अशी आहे. ऐकणाऱ्यास हा नाश वाटतो. परंतु त्या मृत देहांवर गिधाडे आणि मगरी जगतात, मासे पोसले जातात आणि हाडांतील स्फुरद पुढे कित्येक वर्षे हळूहळू पाण्यात उतरत राहते. लाखोंच्या कळपातून इतकी हानी सोसली जाते. जी हानी कळपाला सोसत नाही, ती वेगळ्याच बाजूने आली होती.

ती आली गुरांकडून. तिचे नाव बुळकांडी. महाराष्ट्रातील जुन्या शेतकऱ्यांना हे नाव परके नाही. ताप, तोंडात व्रण, दुर्गंधीयुक्त जुलाब आणि थोड्याच दिवसांत मृत्यू, असा हा रोग होता. एका दाव्याचे जनावर आजारी पडले की पाहता पाहता गोठा रिकामा होई. याच रोगाच्या धास्तीमुळे गुरांच्या आजारांचा शास्त्रीय अभ्यास करणारी प्रयोगशाळा भारतात निघाली. १८८९ मध्ये ती पुण्यात स्थापन झाली आणि १८९३ मध्ये कुमाऊँच्या डोंगरातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था ती हीच. तेथे १९२० नंतरच्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळ्यांमध्ये पुनःपुन्हा वाढवून सौम्य केला आणि त्यापासून गुरांसाठी लस सिद्ध केली.

आफ्रिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर हा रोग १८८७ च्या सुमारास बाहेरून आणलेल्या गुरांबरोबर उतरला. दहा वर्षांत तो खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत पोहोचला. पूर्व आफ्रिकेतील मसाई लोकांचे सर्वस्व म्हणजे त्यांची गुरे. दूध हे त्यांचे मुख्य अन्न. बहुतेक गुरे मेली आणि त्यांच्यामागून दुष्काळाने माणसेही मेली. रोगाने पाळीव आणि रानटी असा भेद केला नाही. रानम्हशी आणि विल्डेबीस्ट यांचेही कळपच्या कळप नष्ट झाले.

पहिली लाट ओसरली, तरी रोग गेला नाही. तो गुरांत घर करून राहिला आणि तेथून वारंवार रानात शिरत राहिला. विल्डेबीस्टच्या वासराला पहिले काही महिने आईच्या चिकातून मिळालेल्या प्रतिकारशक्तीचे संरक्षण असे. ते संपले की वर्षाच्या आतबाहेरची पाडसे रोगाला बळी पडत. सिंहाच्या आणि तरसाच्या तावडीतून वाचलेली पिढी अशी अदृश्य शत्रूच्या हाती जाई. अनेक वर्षे अशीच गेली. कळप वाढत नव्हते, आणि एवढेच कळप असणे ही तेथील नैसर्गिक स्थिती आहे असे पाहणाऱ्यांना वाटत होते.

१९५० नंतरच्या दशकात सेरेंगेटीभोवतीच्या गावांतील गुरांना बुळकांडीची लस टोचण्यात आली. रानातील एकाही विल्डेबीस्टला सुई लावलेली नव्हती. तरीही १९६३ च्या सुमारास तेथील विल्डेबीस्टमधून हा रोग नाहीसा झाला. त्यावरून एक गोष्ट सिद्ध झाली. रोगाचे मूळ रानात नव्हते, ते गोठ्यात होते. गोठा शुद्ध होताच रान आपोआप शुद्ध झाले. १९६१ मध्ये विल्डेबीस्टची संख्या सुमारे २ लाख ६३ हजार होती. १९७७ पर्यंत ती तेरा-चौदा लाखांवर गेली. मधल्या काळात कोरड्या ऋतूतही काही वर्षे अधिक पाऊस झाला, त्याचाही या वाढीस हातभार लागला. परंतु वाढीचे दार उघडले ते गुरांच्या लसीने.

पुढे काय झाले ते अधिक विचार करावयास लावणारे आहे. कळप वाढले, म्हणून गवत अधिक खाल्ले गेले. गवत कमी राहिले, म्हणून दरवर्षी रानभर पेटणारे वणवे कमी झाले. वणवे कमी झाले, म्हणून एरवी जळून जाणारी झाडांची रोपे तग धरू लागली आणि अनेक भागांत झाडी वाढली. गुरांना टोचलेल्या लसीचा परिणाम झाडांच्या वाढीपर्यंत पोहोचला. वनस्पती, प्राणी आणि रोग ही आपल्या पुस्तकांत वेगवेगळ्या पाठांची नावे असतात. निसर्गात मात्र तो एकच पाठ असतो.

बुळकांडीचा शेवटही या प्रदेशापासून फार दूर झाला नाही. केनियातील मुगुगा येथे वॉल्टर प्लॉराइट यांनी १९६० च्या सुमारास अधिक सुरक्षित आणि स्वस्त लस तयार केली. तिच्या बळावर पुढे अनेक देशांनी मोहिमा काढल्या. जगातील शेवटचा ज्ञात प्रादुर्भाव २००१ मध्ये केनियातील मेरू राष्ट्रीय उद्यानातील रानम्हशींमध्ये आढळला. २००६ मध्ये भारत या रोगापासून मुक्त ठरला आणि २०११ मध्ये जगातून बुळकांडीचे उच्चाटन झाल्याचे घोषित झाले. देवीनंतर पूर्णपणे नाहीसा केलेला हा दुसराच रोग होय.

गुरांकडून रानाकडे जाणाऱ्या रोगाची ही कथा झाली. रानाकडून गुरांकडे जाणारा रोगही तेथे आहे. विल्डेबीस्टच्या अंगी एक विषाणू असतो. त्याचा त्यांना त्रास होत नाही. परंतु वासरे जन्मण्याच्या काळात तो नव्या वासरांकडून पसरतो आणि गुरांना झाला की ती सहसा वाचत नाहीत. मसाई पशुपालक हे पूर्वापार जाणतात. म्हणून फेब्रुवारीच्या आगेमागे, सकस गवत डोळ्यांपुढे असतानाही, ते आपली गुरे त्या मैदानापासून दूर नेतात आणि कमी प्रतीच्या चाऱ्यावर दिवस काढतात. सूक्ष्मदर्शक यंत्र हाती नसताना केवळ निरीक्षणाने मिळविलेले हे ज्ञान आहे. अशा ज्ञानाला अडाणी समजूत म्हणून हसणे शिक्षकाला शोभणार नाही.

तिसरा प्रसंग १९९४ चा आहे. सेरेंगेटीतील सिंहांना झटके येऊ लागले आणि ते मरू लागले. काही महिन्यांत तेथील सुमारे एकतृतीयांश सिंह नष्ट झाले. शोध घेता तो कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर नावाचा रोग निघाला. उद्यानाभोवतीच्या गावांतील कुत्र्यांत तो पसरलेला होता. त्यानंतर आसपासच्या गावांतील कुत्र्यांना लस देण्याचे काम हाती घेण्यात आले. हा प्रसंग आपल्यापासूनही फार दूर राहिला नाही. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गुजरातमधील गीरच्या एका भागात २३ सिंह मृत्युमुखी पडले. तपासणीसाठी पाठविलेल्या नमुन्यांपैकी काहींत याच रोगाचा विषाणू असल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने दाखवून दिले. जंगलाच्या राजाचा जीव गावच्या कुत्र्याच्या लसीवर अवलंबून असावा, ही गोष्ट चमत्कारिक वाटली तरी खरी आहे.

यावरून संरक्षण म्हणजे केवळ कुंपण आणि पहारा नव्हे, हे ध्यानी येईल. पहाराही हवाच. सेरेंगेटीत तारेचे फास लावून चोरटी शिकार होते. १९७० नंतरच्या दशकात शिंगांसाठी तेथील गेंडे जवळजवळ संपविले गेले. आज जे थोडे आहेत, ते अहोरात्र राखणीमुळे आहेत. परंतु हद्द आखताना जनावरांची वाट विचारात घेतली नाही, तर पहारा अपुरा पडतो. १९५८ च्या सुमारास बर्नहार्ड ग्झिमेक आणि त्यांचा पुत्र मायकेल या जर्मन पितापुत्रांनी झेब्र्याप्रमाणे पट्टे रंगविलेल्या लहान विमानातून कळपांचा मागोवा घेतला आणि कळप ठरविलेल्या हद्दीबाहेर बरेच फिरतात असे दाखवून दिले. या कामातच जानेवारी १९५९ मध्ये विमान कोसळून मायकेलचा अंत झाला. न्गोरोंगोरोच्या कड्यावर त्याची समाधी आहे.

१९५९ मध्ये हद्दी नव्याने ठरल्या आणि उद्यानात गुरे चारणाऱ्या मसाई कुटुंबांना ते सोडून न्गोरोंगोरोकडे जावे लागले. ज्यांच्या गुरांना लस टोचल्यामुळे कळप वाढले, त्यांनाच कळपांच्या भूमीतून बाहेर पडावे लागले, ही बाबही मुलांपासून लपवू नये. त्या प्रदेशातील चराईच्या हक्कांचा तंटा अद्याप मिटलेला नाही.

वाट बंद झाली म्हणजे काय होते, याचा पुरावा शेजारीच आहे. केनियातील लोइता मैदान आणि मारा यांमध्ये ये-जा करणारा विल्डेबीस्टचा एक वेगळा समूह होता. १९७७ मध्ये त्याची संख्या सुमारे १ लाख १९ हजार होती. वीस वर्षांनी ती सुमारे २२ हजारांवर आली. त्या मैदानावर गव्हाची मोठी शेते झाली, हे त्याचे मुख्य कारण. कोणी कळपांवर बंदुका चालविल्या नाहीत, फक्त त्यांची पावसाळ्यातील चराई गेली. २०१० मध्ये सेरेंगेटीच्या उत्तर भागातून पक्की सडक नेण्याची योजना पुढे आली. २०१४ मध्ये पूर्व आफ्रिकी न्यायालयाने अशी पक्की सडक बेकायदेशीर ठरविली. मारा नदीचा उगम केनियातील माऊ अरण्यात आहे. तेथील वृक्षतोडीचा परिणाम शेकडो मैल वाहणाऱ्या पाण्यावर आणि कोरड्या ऋतूत त्या पाण्याच्या आशेने येणाऱ्या कळपांवर होतो.

कळपांच्या मोजणीबाबतही एक प्रश्न उभा राहिला आहे. विमानातील छायाचित्रांवरून केलेल्या गणतीत १९७७ नंतर संख्या तेरा लाखांच्या आसपास येत असे. २०२२ आणि २०२३ मधील उपग्रहचित्रांवरून केलेल्या गणतीत ती सहा लाखांहून कमी आली. कळप खरोखर घटले, की मोजण्याच्या रीतीमुळे हा फरक पडला, याची छाननी चालू आहे. गणिताच्या तासाला यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण. मोजणे म्हणजे केवळ आकडा मिळविणे नव्हे, तर तो कसा मिळाला हे तपासणे होय.

शिक्षक बंधुभगिनींनो, सेरेंगेटी आपल्या शाळेपासून फार दूर आहे. परंतु तिची शिकवण शाळेच्या अंगणात देता येते. जाड कागदावर एक मोठे वर्तुळ काढून त्याचे बारा महिन्यांचे बारा भाग करावेत. बाहेरच्या कड्यात सेरेंगेटीचा पाऊस, चारा आणि कळपांचे ठिकाण लिहावे. आतल्या कड्यात मुलांनी आपल्या गावचे वर्ष भरावे: पहिला पाऊस केव्हा, कुरणात चारा केव्हापर्यंत, मेंढरांचे वाडे केव्हा येतात आणि केव्हा जातात. चातकाची पहिली हाक कोणत्या दिवशी ऐकू आली, तेही टिपावे. पावसाच्या तोंडाशी आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून येणारा हा पक्षी त्या दोन कड्यांना जोडणारा दुवा आहे.

त्याच वर्तुळात आणखी एक नोंद असावी. लाळ्या-खुरकुताची लस गावात केव्हा टोचली गेली, किती घरांनी गुरे आणली, किती घरांनी आणली नाहीत, आणि कुत्र्यांना लस मिळाली की नाही, हे मुलांनी घरोघर विचारून लिहावे. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाने महाराष्ट्रातील गोठ्यांत जे दुःख आणले, ते मुलांनी पाहिलेले आहे. त्यांना लशीचे महत्त्व पटविण्यास व्याख्यानाची जरुरी नाही. गुरांच्या दवाखान्यातील डॉक्टरांना एकदा शाळेत बोलवावे आणि बुळकांडी कशी गेली हे त्यांच्या तोंडून मुलांना ऐकवावे. गावातील वृद्धांपैकी कोणी तो रोग पाहिलेला असल्यास त्यांनाही शेजारी बसवावे.

असा एक तक्ता भिंतीवर लागला आणि त्यातील नोंदी वर्षभर प्रामाणिकपणे भरल्या गेल्या, तर गावच्या गोठ्याचा आणि दूरच्या रानाचा संबंध मुलांना आपला आपण कळेल. एखादा विद्यार्थी घरी जाऊन वडिलांना म्हणेल, “उद्या लस टोचणारे येणार आहेत, आपली गाय न्यायला विसरू नका.” त्या दिवशी हा पाठ पुरा झाला असे समजावे.